व्हिडिओ एडिटिंगमधले कीबोर्ड शॉर्टकट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचे व्हिडिओ, मुलाखती आणि यूट्यूबची कामं करणाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे उत्तर ॲडोबी प्रीमियर प्रोचं, विंडोजवरचं आणि मूळ सेटिंगमधलं समजावं. दाविंची रिझॉल्व्ह जिथे वेगळं वागतं तिथे तसं म्हटलं आहे. मॅकवाल्यांनी आधी प्रश्न ३ वाचावा.

१. शॉर्टकट शिकून खरंच फरक पडतो का? माऊसने काम होतंच की.

होतं. महिन्याकाठी एखादं रील करणाऱ्याने हे पान इथेच बंद केलं तरी काही बिघडत नाही.

पण चाळीस मिनिटांची मुलाखत समोर आली की गणित बदलतं. पाहुणे प्रत्येक उत्तराआधी खाकरतात, मध्येच "म्हणजे कसं आहे ना..." करून थांबतात. असा एक तुकडा माऊसने काढायचा तर रेझर टूल घ्या, सुरुवातीला कट मारा, शेवटी कट मारा, सिलेक्शन टूलवर परत या, तुकडा निवडा, डिलीट करा, मग उरलेली रिकामी जागा निवडून पुन्हा डिलीट. हेच काम कीबोर्डवर दोन कळांत होतं (कसं ते प्रश्न ४ मध्ये).

वाचलेल्या सेकंदांपेक्षा माझ्या लेखी मोठी गोष्ट वेगळीच आहे. माऊसच्या पद्धतीत नजर सारखी टूलबारवर जाते. परत येईपर्यंत माणसाने श्वास नेमका कुठे घेतला होता हे डोक्यातून गेलेलं असतं, मग पुन्हा मागे जाऊन ऐका. शॉर्टकटने नजर बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरच राहते, त्यामुळे कट चुकण्याचं प्रमाणही कमी होतं.

२. शंभर शॉर्टकट पाठ होत नाहीत. सुरुवात कुठून करू?

शंभर लागतच नाहीत. इंटरनेटवरचे ते रंगीत तक्ते प्रिंट काढून भिंतीला लावू नका, कुणी बघत नाही त्यांच्याकडे.

सुरुवात जे, के, एल या तीन कळांपासून करा आणि काही दिवस तेवढंच करा. एल दाबलं की व्हिडिओ पुढे चालतो, पुन्हा दाबलं की वेग वाढतो. जे दाबलं की उलटा चालतो. के म्हणजे थांबा. मजा पुढे आहे: के दाबून धरून एलवर टिचकी मारली की एकच फ्रेम पुढे सरकते, आणि के-एल दोन्ही दाबून धरले की व्हिडिओ संथ चालतो. ओठ मिटण्याची नेमकी फ्रेम शोधायला याहून चांगला उपाय नाही. पेटी वाजवणारा बोटांकडे बघत नाही, तसं या तीन कळांचं झालं पाहिजे. बरं, प्रीमियर, रिझॉल्व्ह, फायनल कट आणि ॲव्हिड या चारही ठिकाणी जे-के-एल असंच चालतं, त्यामुळे सॉफ्टवेअर बदललं तरी ही मेहनत वाया जात नाही.

त्यानंतर आय आणि ओ (इन आणि आउट पॉइंट, म्हणजे हवा असलेला भाग सुरू होण्याची आणि संपण्याची खूण), वरचा-खालचा बाण (मागचा-पुढचा कट), डावा-उजवा बाण (एक फ्रेम), शिफ्ट दाबून तेच बाण (पाच फ्रेम), आणि बॅकस्लॅश (अख्खी टाइमलाइन एका नजरेत, रिझॉल्व्हमध्ये शिफ्ट-झेड). आपल्याकडचं बरंचसं काम अजून सेकंदाला २५ फ्रेमवर होतं, म्हणजे पाच फ्रेमची उडी ०.२ सेकंदांची. मग प्रश्न ४ कडे वळा. या एवढ्यावर लग्नाचा अख्खा व्हिडिओ कापून होतो.

एक सोय फार कमी जणांना माहीत असते. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखाली शटल करताना आवाजाची पट्टी कायम ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू ठेवला की दुप्पट वेगातही माणूस कार्टूनसारखा चिरकत नाही, शब्द नीट कळतात. लांब भाषणं मी अशीच ऐकतो.

३. माझ्याकडे मॅक आहे. यातलं किती लागू पडतं?

जवळपास सगळं. कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन वाचा. अडचण दोनच ठिकाणी येते. एक म्हणजे डिलीट. मॅकबुकवर जिला डिलीट म्हणतात ती खरं तर विंडोजची बॅकस्पेस, त्यामुळे रिपल डिलीटसाठी (तुकडा काढून जागाही बंद करण्यासाठी) शिफ्टबरोबर एफएन धरून डिलीट दाबा. दुसरी अडचण वरच्या एफ रांगेची, ती प्रश्न ११ मध्ये आहे.

४. क्यू आणि डब्ल्यू नेमकं काय करतात? सगळे त्यांचंच कौतुक करतात.

कौतुक रास्त आहे. प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती उभी रेघ) जिथे उभा आहे तिथपासून मागच्या कटपर्यंतचा भाग क्यू उडवतो आणि जागाही बंद करतो. डब्ल्यू तेच पुढच्या कटपर्यंत करतो. निवडणं नाही, टूल बदलणं नाही.

मधला नको असलेला तुकडा काढायची पद्धत अशी. चांगलं वाक्य संपलं, कंट्रोल-के दाबा, तिथे कट पडला. एल दाबून ऐकत राहा. खाकरणं झालं, "म्हणजे कसं आहे ना" झालं, पुढचा कामाचा शब्द यायच्या दोन-तीन फ्रेम आधी के, आणि मग क्यू. संपलं. पुन्हा एल. मुलाखत या लयीत कापायला लागलात की मध्ये चहासाठी उठावंसं वाटत नाही.

क्यू "मागच्या कटपर्यंत" उडवतो, हे वाक्य मात्र दोनदा वाचा. कंट्रोल-के मारायचं राहिलं आणि क्लिप अजून अखंड असली, तर क्यू सुरुवातीपासूनचं सगळं घेऊन जातो. कंट्रोल-झेडने परत येतं, पण आलं नाही असं वाटून घाम फुटतो. टाइमलाइन एकदम आखूड झालेली दिसली की हेच झालंय असं समजा.

आणखी एक. डावीकडे ट्रॅकच्या नावाजवळ व्ही१, ए१ हे निळे चौकोन असतात. कंट्रोल-के त्या निळ्या केलेल्या ट्रॅकवरच कट मारतो. चित्र कापलं पण आवाज अखंड राहिला, तर ए१ निळा नाही एवढंच कारण असतं. सगळे ट्रॅक एकदम कापायचे असतील तर कंट्रोल-शिफ्ट-के.

५. रिझॉल्व्हमध्ये क्यू-डब्ल्यू दाबलं तर भलतंच होतं.

होणारच. तिथे क्यू सोर्स आणि टाइमलाइन व्ह्यूअरमध्ये अदलाबदल करतो आणि डब्ल्यू डायनॅमिक ट्रिम (जे-के-एलने कट मागेपुढे सरकवण्याची सोय) चालू करतो. प्रीमियरच्या क्यू-डब्ल्यूचं काम कंट्रोल-शिफ्ट आणि डावा किंवा उजवा चौकोनी कंस करतात. कट मारायला कंट्रोल-बी.

तीन कळांचा तो शॉर्टकट दिवसभर दाबणं म्हणजे मनगटाला शिक्षा. कंट्रोल-ऑल्ट-के दाबून कीबोर्डची सेटिंग उघडा आणि ही दोन कामं सोप्या एकेरी कळांवर आणा. क्यू-डब्ल्यूच दिलेत तर आधीच्या कामांशी टक्कर होते, आणि रिझॉल्व्ह तसं सांगतंही. डायनॅमिक ट्रिम वापरत नसाल तर डब्ल्यू खुशाल घ्या.

६. प्रीमियरमधून रिझॉल्व्हवर आलोय. तिथे प्रीमियरचेच शॉर्टकट ठेवता येतात म्हणे?

येतात. प्रश्न ५ मधल्याच खिडकीत वर उजवीकडे तयार संच असतात. प्रीमियर, फायनल कट, ॲव्हिड, प्रो टूल्स. एक निवडा आणि सेव्ह करा.

ज्याची बोटं प्रीमियरवर वर्षानुवर्षं बसली आहेत त्याने जरूर निवडावा. नव्याने शिकणाऱ्याने मात्र मूळ संच ठेवावा, कारण शिकवणारा प्रत्येक व्हिडिओ मूळ संच धरूनच बोलतो आणि तुमच्या कळा वेगळ्या असल्या की दर वेळी मनातल्या मनात भाषांतर करत बसावं लागतं.

७. डिलीट दाबलं की कधी जागा बंद होते, कधी मोकळी राहते. असं का?

दोन सॉफ्टवेअर आलटून पालटून वापरताय, म्हणून. प्रीमियरमध्ये नुसतं डिलीट जागा मोकळी सोडतं, शिफ्ट-डिलीट ती बंद करतं. रिझॉल्व्हमध्ये बॅकस्पेस जागा सोडतं आणि डिलीट बंद करतं.

८. प्रीमियरमध्ये रिकाम्या जागेवर क्लिक करून डिलीट दाबलं तरी ती बंदच होत नाही.

दुसऱ्या ट्रॅकवर त्याच जागेवरून काहीतरी सलग जातंय. बहुतेक वेळा खालचं सनईचं किंवा पार्श्वसंगीत. ट्रॅकच्या सुरुवातीला सिंक लॉकचं छोटं चिन्ह असतं, ते चालू असलेले सगळे ट्रॅक एकत्र सरकतात. संगीत मधूनच सरकवता येत नाही, म्हणून प्रीमियर काहीच करत नाही. संगीताच्या ट्रॅकचा सिंक लॉक काढा किंवा तो ट्रॅक सरळ लॉक करा.

याचीच दुसरी बाजू: स्वल्पविरामाची कळ वापरून नवा शॉट मध्ये घुसवला की खालचं संगीत तिथे दुभंगतं आणि मध्ये शांतता येते. मंगलाष्टकांच्या मधोमध असं झालेलं नवरीच्या वडिलांच्या आधी कुणाच्या लक्षात येत नाही. उपाय तोच. किंवा घुसवण्याऐवजी पूर्णविरामाची कळ वापरा, ती वरून टाकते, काही सरकवत नाही.

९. कालपर्यंत चालणारे शॉर्टकट आज अचानक बंद पडले. पुन्हा इन्स्टॉल करू का?

थांबा. दोन गोष्टी आधी बघा.

पहिली, कोणतं पॅनेल जागं आहे. शॉर्टकट निळी चौकट असलेल्या पॅनेलला लागू होतो. इफेक्ट कंट्रोल्समध्ये काहीतरी बदलून परत आलात आणि टाइमलाइनवर क्लिक केलं नाही, तर डिलीट दाबल्यावर क्लिपऐवजी इफेक्ट उडू शकतो. शिफ्ट-३ दाबलं की टाइमलाइन जागी होते. शिफ्ट-१ प्रोजेक्ट, शिफ्ट-२ सोर्स मॉनिटर, शिफ्ट-४ प्रोग्रॅम मॉनिटर, शिफ्ट-५ इफेक्ट कंट्रोल्स. रिझॉल्व्हमध्ये शिफ्ट आणि आकडा हे अख्खं पान बदलतात: शिफ्ट-४ एडिट, शिफ्ट-६ कलर, शिफ्ट-८ डिलिव्हर. दोन्ही वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांना हमखास नडते, म्हणून तिला वेगळा प्रश्न दिला आहे.

१०. मराठी सबटायटल टाईप केल्यावर जे-के-एल चालत नाहीत.

कीबोर्ड अजून मराठीतच आहे. इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक, सॉफ्टवेअरला जे ऐवजी देवनागरी अक्षर पोचतं, आणि त्या अक्षराला कोणतंही काम नेमून दिलेलं नसतं. फोनेटिकमध्ये तर कळ दाबली की शब्दांच्या सूचनांची चौकट उघडते आणि तुमचा क्यू तिथेच अडकतो.

विंडोजमध्ये विंडोज-स्पेसबारने इंग्रजीवर या. खालच्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह दिसतं, तिकडे नजर टाकायची सवय लावा. मॅकवर कंट्रोल-स्पेसबार, नव्या मॅकवर पृथ्वीगोलाची कळ.

आता गोम. सबटायटल टाईप केलेलं नसतानाही हे घडतं, आणि मग लोक चक्रावतात. विंडोजमध्ये डावं ऑल्ट-शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलते. एडिटिंगमध्ये या दोन कळा दिवसभर वापरात असतात, त्यामुळे नकळत मराठी चालू होते. विंडोजच्या टायपिंग सेटिंगमध्ये भाषा बदलण्याचे शॉर्टकट असतात, तिथून हा एक काढून टाका. विंडोज-स्पेसबार तसंही शिल्लक राहतं.

शक्य असेल तर कट पूर्ण झाल्यावरच सबटायटलला बसा. एका हाताने कापायचं आणि दुसऱ्याने जोडाक्षरं लिहायची, या भानगडीत दोन्ही कामं रखडतात.

११. रिझॉल्व्हचे एफ९, एफ१० दाबले की स्क्रीनचा उजेड नाहीतर आवाज बदलतो.

लॅपटॉपची वरची रांग मुळात त्याच कामांवर लावलेली असते. एफएन धरून दाबा. अनेक लॅपटॉपवर एफएन-एस्केपने ती रांग कायमची उलटवता येते. मॅकवर याशिवाय एफ११ दाबलं की सगळ्या खिडक्या बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो, कारण ती कळ मॅकने स्वतःसाठी राखली आहे. सिस्टीम सेटिंगमध्ये जाऊन ती मोकळी करा. रिझॉल्व्हमध्ये एफ९ शॉट मध्ये घुसवतो, एफ१० वरून टाकतो, एफ११ बदलतो आणि एफ१२ वरच्या ट्रॅकवर ठेवतो. चौघांपैकी एफ१२ लग्नाच्या कामात सर्वांत उपयोगी, विधी चालू असताना पाहुण्यांचे चेहरे टाकायला.

१२. तीन कॅमेऱ्यांचं लग्न आहे. आकड्यांच्या कळांनी कॅमेरा बदलत नाही.

बहुधा उजवीकडच्या नमपॅडवरचे आकडे दाबताय. कॅमेरा बदलायला अक्षरांच्या वरच्या रांगेतले आकडे लागतात. प्रोग्रॅम मॉनिटरमध्ये मल्टिकॅमेरा व्ह्यू चालू करा (शिफ्ट-०), व्हिडिओ चालू करा आणि १, २, ३ दाबत जा. चालू असताना काही दिसणार नाही, थांबवलं की सगळे कट टाइमलाइनवर उमटतात.

पहिल्या फेरीत कट नेमका पडत नाही, हात थोडा उशिरा पडतो. अक्षता उडाल्या आणि दुसऱ्या कॅमेऱ्यावर जाईपर्यंत त्या डोक्यावर पडूनही गेल्या. क्लिप परत कापू नका. एन दाबा (रोलिंग एडिट), कटवर धरा आणि आठ-दहा फ्रेम डावीकडे ओढा. आवाज तसाच राहतो, फक्त कॅमेरा लवकर बदलतो.

१३. मग नमपॅड कशासाठी असतो?

वेळेवर उडी मारायला. टाइमलाइन जागी असताना नमपॅडवर अधिक, ५०, एंटर केलं की प्लेहेड ५० फ्रेम पुढे जातो, २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर बरोबर दोन सेकंद. वजा केलं की मागे. क्लिप निवडलेली असेल तर प्लेहेडऐवजी क्लिपच सरकते, हे विसरू नका. नम लॉक चालू हवा. छोट्या लॅपटॉपला नमपॅडच नसतो, तिथे प्रश्न २ मधले बाण वापरा.

१४. स्वतःचे शॉर्टकट बनवले, पण दुसऱ्याच्या स्टुडिओत बसलो की हात बांधल्यासारखे होतात.

सेटिंग पेन ड्राइव्हवर सोबत न्या. प्रीमियर तुमचा संच केवायएस प्रकारच्या फाइलमध्ये ठेवतं. डॉक्युमेंट्समध्ये ॲडोबी, मग प्रीमियर प्रो, मग आवृत्तीचा आकडा, मग प्रोफाइल, मग विन असा रस्ता आहे. ती फाइल समोरच्या संगणकावर त्याच जागी टाका आणि कंट्रोल-ऑल्ट-केमधून निवडा. रिझॉल्व्हमध्ये कीबोर्डच्या खिडकीतूनच संच बाहेर काढता येतो, साधी टेक्स्ट फाइल निघते. काम संपल्यावर समोरच्याचा संच पुन्हा लावून ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन येतो.

आणि बदल बेताने करा. दहाएक कळा बदलल्यात तर ठीक, चाळीस बदलल्यात की तुम्ही फक्त स्वतःच्याच खुर्चीतले एडिटर राहता.

१५. शॉर्टकट छापलेला रंगीत कीबोर्ड किंवा स्पीड एडिटर घेऊ का?

छापलेला कीबोर्ड नको. तो कळांकडे बघायला शिकवतो, आणि आपल्याला नेमकं तेच थांबवायचं आहे. ब्लॅकमॅजिकचा स्पीड एडिटर, म्हणजे रिझॉल्व्हसाठीचा छोटा खास कीबोर्ड, वस्तू म्हणून चांगला आहे, त्याच्या चकतीवर तासन्‌तास फुटेज चाळायला मजा येते. पण तो फक्त रिझॉल्व्हशीच बोलतो आणि त्याचा खरा उपयोग रिझॉल्व्हच्या कट पेजवर (झटपट कापण्यासाठीच्या पानावर) आहे. प्रीमियरवाल्यांनी तेच पैसे दुसऱ्या मॉनिटरला किंवा एसएसडीला लावावेत.

१६. जर्मनीतून लॅपटॉप आणलाय. शॉर्टकट विचित्र वागतात.

जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा बदललेल्या असतात आणि चौकोनी कंसासाठी उजवं ऑल्ट दाबावं लागतं. म्हणजे प्रश्न ५ मधला शॉर्टकट जवळपास अशक्यच. प्रश्न १० मधल्या भाषेच्या यादीत अमेरिकन इंग्रजी जोडा आणि एडिटिंग करताना तीच ठेवा. कळांवर छापलेलं एक आणि उमटणार दुसरं, पण बोटांना एकदा जागा कळली की छापलेल्याकडे कोण बघतं.

१७. मास्क, कीफ्रेम, रंग, हेही कीबोर्डनेच करायचं का?

अजिबात नाही. चेहऱ्याभोवती मास्क काढायला, रंगाची चक्रं फिरवायला, आवाजाची रेघ वरखाली करायला माऊसच लागतो, पेन टॅब्लेट असेल तर उत्तम. तिथे कीबोर्डचा उपयोग एवढाच, की माऊस ज्या पॅनेलवर आहे ते टॅबच्या वरची टिल्डची कळ दाबून मोठं करायचं, काम करायचं आणि तीच कळ दाबून परत लहान करायचं. कीबोर्ड मराठीत असेल तर ही कळही चालत नाही, तेव्हा पुन्हा प्रश्न १०.